दौलतभाऊंची अर्धी बशी

माझ्या खोलीला लागूनच ईसीजीची खोली होती. त्यामुळे नोकरीची सगळी वर्षं निम्मी माणसं माझ्या दारात शर्टाची बटणं सोडूनच उभी राहायची. मी सांगायचे, पट्टी शेजारी काढतात, इथे नुसतं बोलायचं असतं. मग ती घाईघाईने बटणं लावायची आणि त्यांचा चेहरा पडायचा. शेजारची बाई निदान हातात कागद तरी देते, ही नुसती बोलणार म्हणजे आपल्याला काहीतरी भलतंच झालेलं दिसतंय, असा त्यांचा हिशेब असायचा. नेरकडच्या एका आजोबांनी तर सरळ विचारलं होतं, "डाक्टरसायबानं मले इकडं काहून धाडलं? मी काय पागल आहो का?" मी म्हटलं, आजोबा, पागल माणसाला मी काय समजावणार, तुम्ही शहाणे आहात म्हणूनच पाठवलंय. ते खूश होऊन बसले आणि तासभर उठेनात.

हृदयाच्या दवाखान्यात मानसतज्ज्ञाचं काय काम, असं मला लग्नकार्यात लोक अजूनही विचारतात. काम साधं आहे. डॉक्टर बंद झालेली रक्तवाहिनी उघडतात, स्टेंट बसवतात, गोळ्या लिहून देतात आणि कागदाच्या तळाशी चार शब्द खरडतात: तंबाखू बंद, तेल-मीठ-साखर कमी, रोज चालणे, ताण घेऊ नये. ते तळाचे शब्द माझ्या वाट्याला यायचे. तंबाखू वाईट, हे यवतमाळात कुणाला शिकवावं लागत नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्या पानठेलेवाल्यालाही ते तोंडपाठ असतं. खरा प्रश्न असा, की तो खर्रा माणूस कुणासोबत खातो, सोडला तर ठेल्यावर त्याची उभं राहायची जागा उरते का, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं. मी पेशंटला 'का खाता' असं कधी विचारलं नाही. केव्हा, कुठे आणि कुणाबरोबर, एवढंच विचारायचे आणि मग त्यातली एखादी लहानशी गोष्ट दोघांनी मिळून बदलून पाहायची. 'ताण घेऊ नये' हे वाचून ज्याचा ताण खरोखर कमी झाला, असा माणूस मात्र मला अजून भेटायचा आहे.

काहींना समजवायचं नसतं, त्यांची भीती घालवायची असते. दिग्रसचे सलीमभाई मोटारींचे मेकॅनिक. झटका येऊन गेल्यावर त्यांनी पान्हा म्हणून उचलला नाही. स्टुलावर बसून पोरांना हुकूम सोडायचे आणि डावा हात छातीशी धरून ठेवायचे. डॉक्टरांना विचारून मी त्यांना दवाखान्याचा जिना चढायला लावलं आणि सोबत मीही चढले, कारण एकट्याला सांगितलं तर ते पहिल्या पायरीवरूनच परत फिरले असते. वर पोचलो तेव्हा ते ठणठणीत होते आणि मी कठड्याला धरून उभी होते. "मॅडम, तुमीच पट्टी काढून घ्या," ते म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी एका जीपचं चाक स्वतः काढलं, हे मला त्यांच्या बायकोने आनंदाने फोन करून सांगितलं.

सगळेच असे सुटले नाहीत. एक शाळामास्तर होते, अतिशय सभ्य माणूस. मी काहीही सांगितलं की 'हो मॅडम', पुढच्या वेळी विचारलं की 'प्रयत्न चालू आहे मॅडम'. माझ्याशी एकदाही भांडले नाहीत आणि एकही गोष्ट बदलली नाही. दुसऱ्या झटक्यात ते गेले. त्यांचा तो समजूतदार चेहरा आठवला की अजून जीव हळहळतो. तेव्हापासून मी भांडणाऱ्या पेशंटवर जास्त भरवसा ठेवायला लागले, आणि दौलतभाऊ तर दारातून आत येतानाच भांडत आले.

दौलतभाऊ हे त्यांचं खरं नाव नाही. नाव बदलून लिहिते आहे म्हणून ते माझ्यावर नाराज आहेत. दिवाळी अंकात यायचं तर गावासकट यावं, असं त्यांचं म्हणणं. राहणार नेर तालुक्यातले. शेतात कपाशी आणि तूर, पण शेत मुलाच्या हवाली केलेलं. त्यांचं स्वतःचं काम सोयरिकी जुळवण्याचं. हा काही त्यांचा धंदा नव्हता, हौस होती. तुळशीचं लग्न लागलं की पांढरा पायजमा-सदरा घालून दौलतभाऊ घराबाहेर पडायचे, ते उन्हाळ्याच्या लग्नतिथी संपेपर्यंत घरच्यांच्या हाती लागायचे नाहीत. कोणत्या घरात लग्नाचा मुलगा आहे, कोणत्या घरातली सासू तापट आहे, कोणाकडे पाण्याची ओरड आहे, सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांच्याशिवाय मुलगी पाहायला जायचं म्हणजे त्या बाजूच्या लोकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

त्यांची अँजिओप्लास्टी होऊन काही महिने झाले होते. खर्रा त्यांनी घाबरून एका दमात सोडला होता, पण वजन हलत नव्हतं, रक्तातली साखर हलत नव्हती. त्यांची बायको सुमनबाई सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, घरी मी ज्वारीची भाकर आणि पालेभाजी देते, तेल मोजून घालते, आणि तरी हे असं. दौलतभाऊंनी लगेच बाजू मांडली, "घरी मी उपाशीच असतो मॅडम. जे काही होते ते लोकाच्या घरी होते."

ते खरंच होतं. मुलगी पाहायला जायचं म्हणजे पोहे, त्यावर शेव, बाजूला तुपाचा शिरा आणि पाकासारखा गोड चहा. एका फेरीत दोन-तीन घरं. प्रत्येक घरी यजमान उभे राहून आग्रह करणार. नाही म्हटलं तर काय होईल, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पाहुणा उपाशी उठला त घरवाल्याले रातभर झोप येत नाही." आणि तुम्हाला येते का, असं मी विचारलं, तर उत्तर सुमनबाईंनी दिलं, "यायले त येते. घोरते."

पण खरी अडचण पोह्यांची नव्हती, ती हळूहळू बाहेर आली. आपल्याला झटका आला हे दौलतभाऊंनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. गावाला सांगितलं होतं की लेकीकडे पुण्याला गेलो होतो. त्यांचे थोरले भाऊ अर्धांगवायूने पडले, तेव्हा त्यांची खाट ओसरीवर टाकली गेली. आलेगेले पाहुणे त्या खाटेला राम राम करून आत जायचे आणि पुढचं सगळं बोलणं आत व्हायचं. मोठ्या भावाला नंतर कुणी काही विचारलंच नाही. हे सांगताना एवढा बोलका माणूस खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "छातीत बिघाड असलेल्या माणसाले शुभकामात कोण नेईल मॅडम? लोकं म्हणतीन, त्याईले आता आराम करू द्या." आराम हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की मला तो शब्द पुढे कितीतरी दिवस कुणालाच सांगवेना.

तेव्हा नाही म्हणायचंच नाही, असं आम्ही ठरवलं. चहा बिनसाखरेचा मागायचा, त्याला 'पित्त झालंय' हे कारण चालण्यासारखं होतं. बशी हातात घ्यायची, चवीने खायची, तोंडभर कौतुक करायचं आणि अर्धी झाली की खाली ठेवायची. कुणाचा अपमान नाही, कुणाला कारण सांगायला नको. माझ्या खोलीत रिकाम्या बशीवर आम्ही ते करूनही पाहिलं. दौलतभाऊंना युक्ती पसंत पडली.

पुढच्या वेळी ते आले तेच छाती पुढे काढून. राळेगाव तालुक्यातल्या एका गावात मुलगी पाहायला गेले होते. मुलगी वैशाली, शाळेत शिकवणारी. मुलगा नेरकडचा, कृषी केंद्राचं दुकान असलेला. मुलाने मुलगी पसंत केली होती, मुलीने मुलगा पसंत केला होता, घरं एकमेकांना शोभणारी, आणि अशा घरी अशा आग्रहात दौलतभाऊंनी अर्धी बशी खाली ठेवली होती. शिऱ्याला तर हातही लावला नव्हता. मी टाळ्या वाजवल्या. सुमनबाईंनीही वाजवल्या.

दोन आठवडेही झाले नसतील, दौलतभाऊ वेळ न ठरवता सुमनबाईंना घेऊन आले आणि खुर्चीत बसून राहिले. सोयरीक मोडली होती. मुलाच्या वडिलांनी निरोप पाठवला होता की आमचा विचार बदलला. कारण कुणी सांगेना. शेवटी दौलतभाऊंनी स्वतः त्यांचं घर गाठलं आणि खोदून विचारलं, तेव्हा तो गृहस्थ चकित होऊन म्हणाला, "काय जी भाऊ, बशी त तुमीच सोडली ना."

आणि मग सगळा उलगडा झाला. दौलतभाऊ खाण्याचे शौकीन, बशी चाटूनपुसून लख्ख करणारे. पण एखादं स्थळ मनाला पटलं नाही, मुलीला तिथे त्रास होईल असं वाटलं किंवा कुणी काही लपवतंय अशी शंका आली, की त्यांची भूकच मरायची आणि बशी अर्धी राहायची. तोंडाने ते कुणाचं वाईट बोलायचे नाहीत. पण लोकांनी इतक्या वर्षांत हे बरोबर हेरलं होतं. ते काय बोलतात याकडे कुणी लक्षच देत नव्हतं, सगळे बशीकडे बघत होते. लख्ख बशी म्हणजे बिनधास्त पुढे जा, उष्टी बशी म्हणजे निरोप द्या. साऱ्या तालुक्याला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त दौलतभाऊंना, सुमनबाईंना आणि अर्थातच मला.

"एवढी वर्षं लोकं माही बशी पाहून राह्यले अन् मलेच माहीत नाही," ते म्हणाले. या गोष्टीने ते हादरले होते, आणि खरं सांगायचं तर थोडे फुशारलेही होते. मला हसू आवरत नव्हतं. पण तिकडे राळेगावकडे एक चांगली मुलगी विनाकारण नाकारली गेली होती आणि आपल्यात काय खोट निघाली ते तिला कुणी सांगत नव्हतं. ते आठवलं आणि आम्हा तिघांचंही हसू गेलं.

दौलतभाऊंनी उपाय स्वतःच काढला होता. उद्या दोन्हीकडच्या लोकांना पुन्हा एकत्र बसवतो आणि दोन बशा पोहे, वर शिरा, सगळं साफ करतो. सुमनबाईंनी विचारलं, आणि परवा? परवा दुसऱ्या घरी, तेरवा तिसऱ्या घरी, प्रत्येक चांगल्या मुलीसाठी बशी साफ करत बसायची का? बशी साफ करायची किंवा खरं सांगायचं, तिसरी वाटच नव्हती. आणि खरं सांगायचं म्हणजे ती ओसरीवरची खाट.

मी त्यांना सांगा असंही म्हटलं नाही आणि नका सांगू असंही म्हटलं नाही. आमच्या कामात हे सगळ्यात अवघड, कारण जीभ सारखी पुढे धावते. मी एवढंच विचारलं, की सांगायचंच झालं तर कोणत्या शब्दांत सांगाल? ते म्हणाले, जमणार नाही. मी म्हटलं, इथे जमवून बघू. सुमनबाई झाल्या मुलीचे वडील. त्यांनी पदर खोचला, रिकामी बशी पुढे केली आणि असा काही आग्रह सुरू केला, की इतके महिने नवऱ्याला मोजून वाढल्याची सगळी भरपाई त्यांनी त्या दुपारी करून घेतली. दौलतभाऊ दर वेळी 'माह्या छातीत' इथपर्यंत यायचे आणि पित्तावर घसरायचे. किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी एकदा वाक्य पूर्ण झालं, आणि ते झाल्यावर सुमनबाईंनाच रडू आलं. घरातही 'अटॅक' हा शब्द त्या दोघांनी कधी उच्चारला नव्हता.

राळेगावला तेव्हा माझी आठवड्याची फेरी असायची. मॅडम सोबत असल्या पाहिजेत, असा दौलतभाऊंचा हट्ट होता. मी एका अटीवर गेले, की मी तोंड उघडणार नाही. बोलण्याचाच पगार घेणाऱ्या बाईला ते किती जड गेलं असेल, याची कल्पना करा. दौलतभाऊंनी मुलाच्या वडिलांनाही गळ घालून आणलं होतं आणि माझी ओळख नुसती 'दवाखान्यातल्या मॅडम' एवढीच करून दिली होती. मुलीचे वडील बाबारावजी खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि कुणाकडेही बघत नव्हते. वैशालीने पोह्यांचा ट्रे आणला, ठेवला आणि मान ताठ ठेवून दाराशी उभी राहिली.

दौलतभाऊंनी बशी घेतली. घास घास खात गेले. खोलीत चमच्याशिवाय आवाज नव्हता आणि सगळ्यांचे डोळे त्या चमच्यावर होते. अर्धी झाली आणि त्यांनी बशी खाली ठेवली. बाबारावजींनी डोळे मिटले. तेवढ्यात दौलतभाऊंनी उजवा हात छातीवर ठेवला, आणि त्यांच्या आजाराची काडीमात्र माहिती नसलेल्या त्या खोलीत एकच धांदल उडाली. मुलाचे वडील गाडी काढा, गाडी काढा म्हणत उठले, वैशाली पाणी घेऊन धावली, आणि मी अट विसरून अर्धी उभी राहिले.

"बसा, बसा सारे," दौलतभाऊ म्हणाले. "मले काही झालं नाही. म्हणजे झालतं, पण ते मागं. मले अटॅक आलता. आतमधी स्प्रिंग टाकली. त्या दिवशी मी बशी सोडली ते पोरीसाठी नाही, ह्या छातीसाठी. पोरगी त अशी आहे का, माह्या घरी लग्नाचा पोरगा असता त म्या तुमाले खबरही लागू देली नसती."

दौलतभाऊंचा हात छातीवरच होता आणि ते बाबारावजींकडे बघत होते. त्या क्षणी त्यांना ती खाट दिसत असणार, मला नक्की माहीत आहे. "मंग पह्यलेच सांगा लागत होतं ना भाऊ," बाबारावजी म्हणाले. "आमी काय परके आहो? इकडं पोरीनं जेवण टाकलं अन् तिकडं तुमी एकटेच दुखणं घेऊन फिरून राह्यले." आणि उठून त्यांनी दौलतभाऊंच्या पाठीवर हात ठेवला.

वैशालीने ती अर्धी बशी उचलली आणि आत गेली. बाहेर आली ती दुसरी बशी घेऊन. परसातला जांब, म्हणजे पुण्या-मुंबईकडचा पेरू, त्याच्या फोडी कापून आणल्या होत्या. दौलतभाऊंनी एकेक फोड खाल्ली आणि बशी लख्ख करून उलटी धरून दाखवली. मुलाच्या वडिलांनी ती बशी नीट निरखली आणि साक्षगंधाची तारीख काढायला मोबाइल बाहेर काढला. निघताना ते फाटकापर्यंत माझ्या मागे आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, मॅडम, तुम्ही दवाखान्यात कोणत्या वारी बसता?

बातमी तालुक्यात पसरायला वेळ लागला नाही. दौलतभाऊंना वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. उलट ज्यांच्या घरी लग्नाचं कुणी नव्हतं, तेही त्यांना बोलवायला लागले, कारण प्रत्येक घरात कुणाची तरी छाती दुखत होती आणि दौलतभाऊंसारखंच त्यांनीही ते लपवलं होतं. दौलतभाऊ सोयरिकींबरोबर आता पेशंटही जुळवायला लागले. माझ्या निवृत्तीपर्यंत नेरकडचे निम्मे लोक 'भाऊंनी पाठवलं' म्हणूनच यायचे, तेही शर्टाची बटणं लावलेल्या अवस्थेत. घरोघरी त्यांच्यासाठी जांब, फुटाणे नाहीतर ताक ठेवायला लागले. पोह्यांची बशी मात्र त्यांच्यापुढे येतेच, कारण ती वाचल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. फरक एवढाच, की आता त्यांनाही ठाऊक आहे. अर्धी बशी ठेवून हात छातीवर गेला तर ती छातीसाठी, म्हणजे सोयरीक पक्की. हात नाही गेला तर स्थळ बघायचं थांबवा. सुरुवातीला या छातीवरच्या हाताने चार घरांत पळापळ झाली, पण लोकांना सवय झाली.

यंदा माझ्या भाचीला पाहायला मंडळी आमच्या यवतमाळच्या घरी आली. मध्यस्थ अर्थातच दौलतभाऊ. मी मुद्दाम कमी तेलाचे पोहे केले आणि त्यांची बशी लहानातली लहान निवडली. मुलगा आम्हाला आवडला होता, भाचीला तर फारच. दौलतभाऊंनी अर्धी बशी खाल्ली आणि खाली ठेवली. बहिणीने माझा हात गच्च धरला. ज्या माणसाला मी महिनोन्महिने अर्धी बशी सोडायला शिकवलं, त्याने ती उचलून संपवावी म्हणून मी मनात देवाचा धावा करत होते. दौलतभाऊंनी रुमालाने तोंड पुसलं. पाणी प्यायले. मुलाच्या वडिलांना यंदा तुरीला काय भाव मिळाला ते विचारलं. पंख्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला चांगलं ताटकळत ठेवून, सावकाश, उजवा हात छातीवर ठेवला.

बहीण रडायला लागली. मी डोळे पुसत आत गेले आणि जांब कापायला घेतला.